सांजोरी: वैशाखाच्या उन्हात टिकणारं गोड

सांजोरी म्हणजे रव्याच्या पारीत रव्याचंच गोड सारण भरून, कडा दाबून, मंद आचेवर तळलेली जाडसर पुरी. कुठे पारीत थोडा मैदा घालतात, कुठे कणीक. कुठे सारणात गूळ असतो, कुठे साखर. वेलची किंवा जायफळ बहुतेक घरांत पडतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत ती वर्षभर अधूनमधून होते, पण तिचा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

हल्ली सांजोरीबद्दल दोन प्रकारचं बोलणं कानावर येतं. एक म्हणजे जुन्या माणसांनी ठरवलं ते पौष्टिकच असणार. दुसरं म्हणजे रवा, साखर आणि तळण, मग यात अंगाला लागण्यासारखं काय? दोन्ही बोलणी घाईची आहेत. सांजोरीत पाणी फार कमी आणि गोड व स्निग्ध भरपूर, हा तिचा मूळ गुण. याच गुणामुळे ती ४४-४५ अंशांच्या उन्हात कित्येक दिवस टिकते, आखाजीला पितरांसाठी भरलेल्या घागरीवर दिवसभर राहू शकते, लेकीच्या पिशवीतून सासरी जाते. आणि याच गुणामुळे ती थोडक्यात खूप उष्मांक देते. तिचा मान आणि तिचं पोषण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक समजली की दुसरी आपोआप समजते, म्हणून इथे दोन्ही एकत्र सांगतो.

रव्यात काय राहतं, काय जातं

गव्हाच्या दाण्याचे ढोबळ तीन भाग. बाहेरचा कोंडा वजनाने साधारण १४ टक्के, आतला अंकुर २ ते ३ टक्के आणि उरलेला सगळा मधला पांढरा गर. हा गर म्हणजे रोपासाठी साठवलेलं अन्न, त्यात मुख्यतः पिष्ट आणि काही प्रथिनं. रवा म्हणजे या गराचे कण. मैदाही याच गराचा, फक्त अगदी बारीक दळलेला. त्यामुळे ‘मैदा वाईट, रवा चांगला’ असं म्हणताना थोडं सांभाळावं. दोघांचा भाग एकच आहे, फरक मुख्यतः कणाच्या आकाराचा आहे. गव्हातला चोथा, लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वं कोंड्यात, कोंड्यालगतच्या थरात आणि अंकुरात जास्त असतात. रवा काढताना त्यातली बरीचशी चाळणीवर राहतात.

१०० ग्रॅम रव्यात साधारण ३५० उष्मांक आणि ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. स्निग्ध पदार्थ जेमतेम १ ग्रॅम. म्हणजे रवा स्वतः ऊर्जेचा चांगला आणि प्रथिनांचा मध्यम साठा आहे. पण त्या प्रथिनांत एक उणीव आहे. लायसीन नावाचं अमिनो आम्ल गव्हात कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, ताटाकडे वळल्यावर ती कामाला येईल.

घरी रवा काढायची जुनी रीत मला फार शहाणी वाटते. गहू थोडा ओलवायचा, फडक्यात बांधून किंवा झाकून काही तास ठेवायचा, मग फडक्यावर पसरून वरवर सुकवायचा आणि जात्यावर दळून चाळायचा. ओलाव्याने कोंडा चिवट होतो आणि गर मऊ. दळताना कोंड्याचा भुगा होत नाही, त्याचे मोठे पापुद्रे सुटतात आणि चाळणीत वर राहतात. आजच्या मोठ्या गिरण्यांतही दळणापूर्वी गव्हाला पाणी लावून त्याची ओल १५-१६ टक्क्यांवर आणतात आणि काही तास मुरू देतात. कारण तेच. जात्यावर बसणाऱ्या बाईने हे हाताने आणि डोळ्याने ओळखलं होतं. मांड्यांसाठी (खापरावरच्या पातळ पुरणपोळ्यांसाठी) जे वस्त्रगाळ पीठ लागतं, तेही याच कसबातून येतं.

बाजारात जरा पिवळसर बन्सी रवा मिळतो तो कठीण जातीच्या गव्हाचा. त्याचे कण कणखर राहतात, सारण मोकळं होतं. पारीसाठी मात्र बारीक रवाच बरा, जाड कणांनी पारी फाटते.

भाजणं, भिजवणं, तळणं

तुपावर रवा भाजण्याने चव येते हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे आणखी दोन गोष्टी घडतात. प्रत्येक कणाला तुपाचं पातळ आवरण बसतं, त्यामुळे पाणी घातल्यावर कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होत नाहीत. शिवाय रव्यात आधीपासून असलेली ओलही उडते. रवा हाताला हलका लागू लागतो आणि कढईत वाळूसारखा घरंगळतो, ही ओल गेल्याची खूण.

सांजा, म्हणजे पाण्यात शिजवलेलं रव्याचं गोड सारण, करणाऱ्या घरांत एक नियम पाळला जातो: रवा आधी पाण्यात शिजू द्यायचा, गूळ किंवा साखर नंतर. यामागचं कारण असं. पिष्टाचा कण पाणी पिऊन फुगतो तेव्हा तो शिजतो आणि त्यासाठी साधारण ६० अंशांच्या वरचं तापमान लागतं. साखर पाण्याला धरून ठेवते. ती आधी पडली तर कणाला पाणी पुरत नाही आणि शिजायला जास्त उष्णता लागते, मग रवा कचकच राहतो. साखर मागाहून घातली की सारण क्षणभर सैल पडतं, मग पुन्हा आळतं. नव्या सुना तिथेच घाबरतात आणि वरून कोरडा रवा घालतात. तसं करू नये, पाच मिनिटं थांबावं.

पारीचं पीठ घट्ट भिजवून झाकून ठेवतात, मग कुटून किंवा चांगलं मळून मऊ करतात. रव्याच्या मोठ्या कणांत पाणी सावकाश शिरतं, म्हणून हा वेळ द्यावाच लागतो. मोहन घातल्याने गव्हातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरत नाहीत आणि पारी चिवट न होता खुसखुशीत होते. मोहन अंदाजात हवं. जास्त झालं तर सांजोरी तेलात विरघळल्यासारखी सुटते आणि सारण कढईभर होतं.

तळणाबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पदार्थ तेलात असताना आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला वाव कमी असतो. बरंचसं तेल आत जातं ते पदार्थ बाहेर काढल्यावर. तो निवू लागतो, वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून सांजोरी काढली की झाऱ्यावर उभी धरून क्षणभर निथळावी आणि चाळणीत उभ्याच लावाव्यात. एकावर एक आडव्या रचल्या तर वरचीचं तेल खालची पिते. हा नुसता नीटनेटकेपणा नाही, त्यातून खरोखरच तेल वाचतं.

आच मंदच हवी. कडक तेलात कवच लगेच लाल होतं, पण पारी आत कच्ची राहते. त्यातून सारण ओलं असेल तर वाफ कोंडून सांजोरी फुटते.

ती टिकते कशी

अन्न खराब करणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी लागतं. अन्नात एकूण पाणी किती, यापेक्षा त्यातलं मोकळं किती, याला महत्त्व असतं. साखर आणि गूळ पाण्याला धरून ठेवतात, म्हणजे पाणी असूनही जंतूंना ते मिळत नाही. तळणाने उरलेली ओल कमी होते. भाजण्याने ती आधीच कमी झालेली असते. शिवाय घट्ट बंद कडांमुळे बाहेरची हवा सारणाला सहजासहजी लागत नाही. हे चारही अडसर एकत्र आले की आधुनिक साधनांविना पदार्थ टिकतो.

पण सगळ्या सांजोऱ्या सारख्या नाहीत. शिजवलेल्या सांज्याचं सारण ओलसर असतं, ती सांजोरी खायला मऊ आणि फार चवदार, पण उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतच संपवावी. कोरडा भाजलेला रवा, पिठीसाखर आणि तुपाचं सारण असेल तर आठ-दहा दिवस सहज जातात. नंतर ती आंबत नाही, पण तिला खवट वास येऊ लागतो. तो जंतूंचा प्रकार नाही. तेला-तुपाचा हवेशी आणि उजेडाशी संबंध येऊन ते बिघडतं. म्हणून डबा झाकणाचा, अंधाऱ्या जागी आणि चुलीपासून दूर.

गरम सांजोऱ्या डब्यात भरणं ही सगळ्यांत मोठी चूक. झाकणाला आतून वाफेचं पाणी सुटतं, ते परत सांजोरीवर पडतं आणि इतक्या कष्टाने घालवलेली ओल पुन्हा येते. दोन दिवसांत बुरशीचे ठिपके दिसतात.

कोरड्या, तापट मुलखांत रव्याची गोड वडी अनेक ठिकाणी आहे. इजिप्तमधला बसबूसा हा रव्याचा केक घट्ट पाकात मुरवतात. तो दिसायला ओला असतो, पण पाकातल्या साखरेने पाणी बांधून ठेवलेलं असतं. खान्देशच्या बायकांनी तळण निवडलं, तिकडच्यांनी पाक.

आखाजीची सांजोरी

वैशाख शुद्ध तृतीया. रब्बीचं धान्य घरात आलेलं, कापसाचे पैसे जसे आले तसे खर्चलेले, पाऊस अजून दीड महिना लांब. खान्देशात ही तिथी अनेक हिशेबांची आहे. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल इथे संपतं आणि नवं ठरतं, त्यामुळे शेतावर राबणाऱ्याच्या दृष्टीने हाच वर्षाचा पहिला दिवस. सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाच्या झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी अहिराणीत चालतात, माणसं पत्त्यांचे डाव टाकून बसतात. ज्यांनी खान्देशाबाहेर ही तिथी फक्त सोनं घेण्याची म्हणून ऐकली असेल, त्यांना आखाजीचा हा व्याप समजणं जरा अवघड जातं. इथे लेक आखाजीला माहेरी आली नाही तर घर सुनं वाटतं. दिवाळीच्या खालोखाल मान म्हणावा, तर काही घरांत दिवाळीहूनही मोठा.

सकाळी घागर भरतात. कुंभाराकडून आणलेली नवी मातीची घागर, तिच्यात पाणी, वर छोटं मातीचं भांडं, आणि त्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबे. पितरांची आठवण करून चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि नैवेद्याचा घास टाकतात, त्याला आगारी टाकणं म्हणतात. वैशाखात गेलेल्या माणसाला काय द्यावं? तर जिवंत माणसाला जे हवं तेच: गार पाणी, रसाळ फळ, आणि न विटणारं गोड. मातीच्या घागरीतलं पाणी भिंतीतून पाझरून बाष्प होतं आणि आतलं पाणी गार राहतं. खरबुजात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सांजोरी या दोघांच्या अगदी उलट, कोरडी. उन्हाळ्यातल्या शरीराला पाणीही लागतं आणि ताकदही, आणि घागरीवर दोन्ही मांडलेली असतात. ही मांडणी कुणी विज्ञान वाचून केली असं मी म्हणणार नाही. पण हवामानाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्यांनी ती केली आहे, हे तिच्याकडे बघून कळतं.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. खान्देशचं रोजचं जेवण ज्वारी-बाजरीचं. दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, डाळ. गहू सणाचा होता. तूप आणि साखर त्याहून दुर्मीळ. वर्षभर भाकरीवर राबलेल्या घरात रवा, तूप आणि गोड एकत्र येणं हीच मोठी गोष्ट होती. ‘आनी एक खाय व माय’ असा आग्रह लेकीला होई, कारण सासरी तिच्या वाट्याला असं काही येईलच याची खात्री नसे. जाताना सांजोऱ्यांची शिदोरी बरोबर देत. बैलगाडीच्या, नंतर एसटीच्या प्रवासात न विटणारं माहेर ते हेच. पुरणपोळी इतकी लांब जात नाही, तिच्या पुरणात ओल असते.

एका सांजोरीचा हिशेब

कोरड्या सारणाची मध्यम आकाराची सांजोरी धरू. पारी आणि सारण मिळून ३० ग्रॅम रवा, १२ ग्रॅम साखर, मोहन आणि सारणातलं तूप ७ ग्रॅम, तळताना शोषलेलं तेल ६ ग्रॅम. रव्याचे १०५ उष्मांक, साखरेचे ४८, तेल-तुपाचे ११७. बेरीज २७०. प्रथिनं ३ ग्रॅमच्या थोडी वर. हा अंदाज आहे, तुमच्या हाताच्या मापाने तो बदलेल, पण फार नाही. बघा, जवळजवळ ४३ टक्के ऊर्जा तेला-तुपातून येते. म्हणजे सांजोरीच्या बाबतीत फक्त साखरेकडे बोट दाखवणं अपुरं आहे. साखर निम्मी केली तरी २४ उष्मांकच वाचतात. नीट निथळून दोन-तीन ग्रॅम तेल वाचवलं तर तेवढेच वाचतात आणि चवही जात नाही.

आता हे २७० कुणासाठी किती? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज २११० उष्मांक, तर अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्याची ३४७०. बाईसाठी हेच आकडे १६६० आणि २७२० आहेत. पुरुषाच्या दोन आकड्यांतला फरक १३६०. म्हणजे पाच सांजोऱ्या! वैशाखात नांगरट-वखरणी करणारा, शेणखत वाहणारा सालदार पाच सांजोऱ्या खाऊन दिवसभराच्या मेहनतीत जिरवत असे. त्याचा नातू पुण्यात खुर्चीवर बसून त्याच पाच खाईल तर त्या अंगावर चढतील. सांजोरी तीच आहे, तिला जाळणारं काम गेलं.

साखरेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. २००० उष्मांकांच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. दोन सांजोऱ्यांतच २४ ग्रॅम जातात. त्यावर आमरसात साखर घालणार असाल तर विचार करा. पिकल्या आंब्याच्या वाटीभर रसात त्याची स्वतःची २० ग्रॅमच्या आसपास साखर असतेच, त्याला आणखी गोडाची गरज नाही.

गुळाबद्दलचा समज मात्र दूर व्हायला हवा. गुळात थोडं लोह असतं हे खरं. पण एका सांजोरीतल्या १२ ग्रॅम गुळातून फार तर अर्धा मिलिग्रॅम मिळेल आणि प्रौढ बाईची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. रक्तातली साखर गुळानेही वाढते, जवळजवळ साखरेइतकीच. गूळ घालायचा तर त्याच्या खमंग चवीसाठी घाला, औषध म्हणून नको. मधुमेह असलेल्यांना ‘गुळाची आहे, चालेल’ असं सांगून दोन वाढणं हा प्रेमाने केलेला घात आहे.

ताटात ती कुठे बसते

आखाजीच्या ताटात पुरण असतं, कटाची आमटी असते, भजी, कुरडया, आमरस. डाळीतलं लायसीन गव्हाची उणीव भरून काढतं. आंब्यातलं क जीवनसत्त्व धान्य-डाळीतलं लोह शरीरात शोषायला मदत करतं. म्हणजे एकटी सांजोरी अपुरी, पण ताट बऱ्यापैकी पुरं. अडचण होते ती सांजोरी ताटातून सुटून दुपारच्या चहाबरोबर आली की. रिकाम्या पोटी चहा-सांजोरी घेतली तर तिच्यातलं पिष्ट आणि साखर रक्तात जाण्याचा वेग कमी करायला बरोबर ना डाळ असते ना चोथा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब (वर सांगितलेल्या परिषदेच्या मधुमेहावरच्या देशव्यापी) पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. म्हणजे सणाच्या मोठ्या पंगतीत असं कुणीतरी बसलेलं असणारच. त्यांनी सांजोरी सोडावी असं मला वाटत नाही. जेवणाच्या शेवटी अर्धी खावी, त्या जेवणात भात किंवा पुरणपोळी कमी करावी, आणि बाकीच्यांनी आग्रह करू नये. डॉक्टरांनी औषधाचं वेळापत्रक दिलं असेल तर सणाच्या दिवशीही ते मोडू नये. ज्यांना गव्हातलं ग्लूटेन अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी मात्र अर्धीही नाही, कारण रवा म्हणजे गहूच. त्यांना घागरीवरचं खरबूज आणि आंबा मोकळा आहे.

लहान मुलं आणि अशक्त, कमी जेवणारी म्हातारी माणसं यांची गोष्ट वेगळी. थोडक्यात जास्त ऊर्जा देणारा पदार्थ त्यांना उपयोगी पडतो. दात नसतील तर सांजोरी दुधात कुस्करून देतात. त्यात दुधाची प्रथिनं मिळतात आणि गव्हातल्या लायसीनची उणीवही भरते.

आता बचत गटांच्या बायका सांजोऱ्या करून विकतात आणि त्या सुरत, नाशिक, पुण्याला राहणाऱ्या खान्देशी घरांपर्यंत पोचतात. मागवणार असाल तर सारण शिजवलेलं आहे की कोरडं, हे आधी विचारा. तेल कोणतं आणि कधी तळल्या, हेही. लांब पाठवायच्या असतील तर कोरड्या सारणाच्याच करा. तळल्यावर पंख्याखाली चार-पाच तास पूर्ण गार होऊ द्या. मग कागद घातलेल्या पत्र्याच्या डब्यात उभ्या लावा, हलणार नाहीत अशा भरा, आणि झाकणावर तळल्याची तारीख लिहा.